नळ सुखरूप आहे

मु. धामणखुटा, पोस्ट वडनेर भोलजी,
तालुका मलकापूर
चैत्र शुद्ध दशमी, शके १८८७

राजमान्य राजश्री वामनराव व्याही, मुक्काम खामगाव, यांस पुंजाजीचा दीड हाताने नमस्कार. (उजव्या हाताचा अंगठा फडक्यात गुंडाळलेला आहे म्हणून अर्धा हात वजा केला. कारण पुढे येईल.) आम्ही इकडे खुशाल आहोत. तुम्हीही खुशालच असाल, नसता तर पत्र आले असते. तीस वर्षे पोस्टात काढलेल्या माणसाकडून पत्र राहायचे नाही. विहीणबाईंच्या गुडघ्याला एरंडाचे पान मानवले का? तुमचा खोकला गेला, की तंबाखूसोबत अजून मुक्कामालाच आहे? आणि आमची बना, म्हणजे आता तुमची सून चि. सौ. बना, हिला कैऱ्या मिळतात ना? बनाच्या वेळी सातवा लागला तेव्हा तिच्या आईला कैरीशिवाय दुसरे काही दिसत नव्हते. मी आमचे शेजारी रामराव यांच्या आंब्यावर चढलो होतो, आणि उतरायला लागलो तर रामराव खाली उभे. तेव्हापासून आमचे आणि त्यांचे जे आहे ते आहे. हे रामराव पुढे पुष्कळदा येतील, म्हणून आताच ओळख करून ठेवली.

तर नळ. नळ सुखरूप आहे. काल रामनवमीला, दुपारी एक वाजता, आमच्या अंगणातल्या नळाला पाणी आले आणि साठ-सत्तर माणसांनी ते डोळ्यांनी पाहिले. खरे म्हणजे एवढे कळवून पत्र संपायला हवे. रंगपंचमीला तुम्ही उभयता आमच्याकडे आला होता, नळाचा पाइप अंगणात नुकता उभा राहत होता, आणि पुरणाची चौथी पोळी उलगडता उलगडता तुम्ही म्हणालात, "इवाईबुवा, नळाले पाणी आलं का पत्र टाका, मंग पोरीले बाळंतपणाले धाडतो. इहिरीच्या गावात बाळंतीण ठेवाची म्हणजे..." एवढे बोलून तुम्ही तूप मागितले. तुमचे ते वाक्य अर्धेच राहिले, पण आमच्या गोजरबाईने, म्हणजे बनाच्या आईने, त्या दिवसापासून ते रोज निरनिराळ्या तऱ्हेने पुरे करून पाहिले आहे, आणि एकाही तऱ्हेने तिला झोप लागलेली नाही. दोन गोधड्या शिवून तयार आहेत, डिंक आणि खसखस डब्यात आहे, बाजेला नवी सुतळी विणून झाली आहे. फक्त पाण्याचे अडले होते. तेही आता सुटले. पण वडनेरच्या बाजारात खामगावचा कोणी ना कोणी भेटतोच, आणि तो तुम्हाला 'तुमच्या व्याह्याने नळ चोखला' वगैरे काहीतरी सांगेल. ते त्याच्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेले बरे, म्हणून लांबण लावतो.

पाडव्याला पंचायतीने टेकडीवरच्या नव्या टाकीचे पाणी सोडले. आमच्या गल्लीत नळ अकरा. दहा नळांना पाणी आले. रामरावांच्या नळाला तर असे आले की त्यांचे नवे धोतर गुडघ्यापर्यंत भिजले, आणि ते वाळवण्याच्या निमित्ताने ते दिवसभर गल्लीतून फिरले. अकरावा नळ आमचा. गोजरबाई पाच सवाष्णी घेऊन, नव्या घागरीला कडुनिंबाचा डहाळा बांधून नळासमोर उभी होती. नळाच्या गळ्यात रंगपंचमीपासून एक हिरवा खण बांधलेला होता (दृष्ट लागू नये म्हणून बायकांनी बांधला असेल, असे मी समजलो), त्यामुळे दिसायला गल्लीत आमचाच नळ देखणा. मी चावी फिरवली. नळाने 'फुस्स' केले, घसा खाकरला आणि गप्प झाला. घागरीत एक थेंब पडला. तो माझ्या कपाळावरचा घाम होता. रामराव कुंपणाशीच होते. म्हणाले, "पुंजाजी, नळाले एक पत्र टाकून पाहा ना. इवायाले तं रोज टाकता."

नळ बसवणारा कडूबा फिटर गावात असता तर हे पत्र इथेच संपले असते. पण तो साळ्याच्या लग्नाला तिकडे हिवरा आश्रमाकडे गेला होता आणि नवमीशिवाय येणार नव्हता. फिटर नाही म्हटल्यावर गावात नळाचे जाणकार एकाएकी वाढले. पहिला दिवस चावी कोणीकडे फिरवली म्हणजे नळ उघडतो यातच गेला. अर्धी गल्ली म्हणे उजवीकडे, अर्धी म्हणे डावीकडे, आणि मी मधला मार्ग म्हणून थोडी इकडे थोडी तिकडे फिरवत राहिलो. दुसऱ्या दिवशी असे ठरले की आमचे अंगण रामरावांच्या अंगणापेक्षा चार बोटे उंच आहे आणि पाणी काही चढ चढत नाही. (टाकी टेकडीवर आहे, हे त्या दिवशी कोणाच्याच लक्षात आले नाही.) मी कुदळ घेतली, नळाभोवती कमरेइतका खड्डा खणला आणि पाइप वाकवून नळ खाली घेतला. आता घागर भरायची तर माणसाने पालथे झोपावे लागणार होते. पण पाणीच नव्हते म्हणून ती अडचण आली नाही. फक्त आमची कालवड खड्ड्यात उतरली आणि तिला वर काढायला रामरावांचे दोर मागावे लागले. तिसऱ्या दिवशी नळाच्या तोंडात काय आहे ते पाहावे म्हणून मी अंगठा घातला. अंगठा गेला. आला मात्र संध्याकाळी, अर्धा शेर करडईच्या तेलावर, आणि तोपर्यंत जो येई तो मला नळाजवळ बसलेला पाहून विचारी, "काऊन पुंजाजी, पहारा देऊन राह्यले का?" मी हो म्हणायचो.

चौथ्या दिवशीचे आता तुम्हाला कळणारच आहे. पिंपातून घासलेट काढताना आपण नळीला तोंड लावून ओढतो आणि मग ते आपोआप येत राहते, तो न्याय मी नळाला लावला. गल्लीत कोणी नाही असे पाहून मी खड्ड्यात उतरलो, पालथा झालो आणि नळाला तोंड लावून जीव खाऊन ओढले. पाणी आले नाही. तोंडाला हळदीसारखी चव मात्र आली. नव्या लोखंडाला अशीच चव असावी असे मी धरून चाललो. वर पाहिले तर खड्ड्याच्या काठावर गल्लीतली झाडून सारी माणसे. मी हळदीचे गोजरबाईला बोललो, तर ती एकदम उठून चुलीकडे गेली. चुलीत जाळ नव्हता. माझ्या लक्षात तेव्हाच यायला हवे होते, पण मी तोंड धुण्यात होतो.

पाचव्या दिवशी माझे डोके फिरले, हे कबूल करतो. दहा नळांना पाणी, अकराव्याला नाही, आणि आमच्या आधीचा नळ रामरावांचा. म्हणजे आमच्या वाटणीचे पाणी रामराव ओढतात, हे शेंबड्या पोरालाही कळेल असे मला वाटले. मी कुंपणाशी उभा राहून ते गल्लीला ऐकवले. कैरीची गोष्टही त्यात आली, माझ्याकडून नव्हे, त्यांच्याकडून. मग त्यांनी आपला नळ बंद केला आणि त्यावर रुमाल बांधून त्याच्यापुढे बाज टाकून बसले. तासभर बसले. आमच्या नळाला काही आले नाही. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "नळ तुमचा कोरडा हाय, मी नाही. घागरी आणा, भरून देतो." चांगले बोलले हो. पण मी चिडलेला. त्यांच्या नळाचे पाणी माझ्या घरात येणार नाही, अशी शपथ घेतली. शपथ मी घेतली आणि पाणी गोजरबाईने आणले, दोन शेते ओलांडून जुन्या विहिरीवरून, सकाळी चार घागरी, संध्याकाळी चार. एका शब्दाने बोलली नाही. एरवी मीठ कमी पडले तर दोन दिवस बोलते. ती गप्प आहे म्हणजे माझ्यावर रागावली आहे, असा अर्थ मी काढला, आणि मनातून जरा बरेही वाटले, कारण ओळखीचे काहीतरी चालले होते.

सहाव्या दिवशी मी पोळ्यात बक्षीस मिळालेला सायकलचा पंप काढला. (सायकल मिळालेली नाही. नुसता पंप.) तो नळाच्या तोंडाला चिंधीने बांधून पन्नास वेळा दाबला. पंप सोडवला तर त्याच्या टोकाला चिकटून तांदळाचा एक दाणा बाहेर आला. फुगलेला, पिवळा. व्याहीबुवा, लोखंडाच्या नळातून तांदूळ आलेला तुम्ही खामगावात तरी पाहिला आहे काय? मी तो दाणा कागदाच्या पुडीत घातला आणि थेट पंचायतीत नेऊन टेबलावर ठेवला, आणि गावाच्या टाकीत कोणी भात शिजवतो काय, असा जाहीर सवाल केला. झाले. निम्म्या गावाने नळाचे पाणी ओतून दिले. दोन माणसे टाकीत उतरून पाहून आली. वरच्या आळीतल्या बायका दाण्याला हळदकुंकू वाहून गेल्या, कारण पिवळा दाणा म्हणजे अक्षत, आणि अक्षत आपण होऊन घरी येते म्हणजे देवीचे बोलावणे असते. सातव्या दिवशी दाणा पाहायला शेजारच्या गावची बैलगाडी आली. पाणी मात्र आले नाही.

काल नवमीला सकाळी कडूबा आला. उत्सवामुळे पंचायतीने पाणी दुपारी सोडायचे ठरवले होते आणि सारे गाव देवळात. रामजन्म झाला, सुंठवडा वाटला आणि लोक तसेच गुलालाच्या कपाळाने आमच्या अंगणात लोटले, कारण कडूबा नळ खोलणार हे सगळ्यांना ठाऊक होते. त्याने पाना लावून तोटी काढली. पाइपाच्या तोंडाशी पांढरेपिवळे काहीतरी घट्ट बसलेले दिसले. त्याने तार घातली, तार वाकली. त्याने काठी घातली, काठी मोडली. तेवढ्यात गर्दीतून अंबूबाई पुढे आली. अंबूबाई म्हणजे आमच्याकडची सुईण, आमच्या बनाला याच बाईने या जगात आणले. कडूबाला म्हणाली, "बाजूले हो रे बाप्पा. जोर नोको लावू. पाणी सोड हळूहळू, येते ते आपसूक." कडूबाने गल्लीतली मोठी चावी किंचित फिरवली, आणि अंबाड्यातला आकडा काढून अंबूबाईने खड्ड्यात बसल्या बसल्या त्या गोळ्याच्या कडा सैल करायला सुरुवात केली. साठ माणसे खड्ड्याच्या काठावर ओणवलेली. बायकांनी पदर तोंडाला लावलेले. मी, काय सांगू, अंगणात येरझाऱ्या घालत होतो, आणि बनाच्या वेळी जशा घातल्या होत्या तशाच, कडुनिंबापासून गोठ्यापर्यंत.

आणि मग सुटले! आधी मूठभर फुगलेले तांदूळ, मग हळकुंड, मग सुपारी (ती सरळ रामरावांच्या कपाळावर बसली), मग एक टम्म फुगलेली खारीक (ती पुढे गर्दीत कुठे गेली ते कळले नाही, माझा रामरावांवर संशय आहे), मग हिरव्या खणाची एक लांब चिंधी, आणि तिच्या मागोमाग पाणी, कमरेइतके उंच. खड्डा भरला, कालवड पुन्हा त्यात उतरली. सगळे नाचत होते. मी चिंधी उचलली. नळाच्या गळ्यातल्या खणाशी ती धाग्याला धागा जुळत होती. मी गोजरबाईकडे पाहिले, तर ती भर गर्दीत रडत होती.

आता जे लिहितो ते जरा जपून वाचावे. रंगपंचमीला आपण पुरुष मंडळी पंगतीला बसलो होतो, कडूबाही आपल्याच पंगतीत होता, आणि पाइप अंगणात उघड्या तोंडाने उभा होता. तेवढ्या वेळात विहीणबाईंनी नळाची ओटी भरली. नवी विहीर झाली की आपण भरतोच. पूर्णामाईची भरतो, ती पाण्यात सोडतो, पाणी ती घेऊन जाते. विहीणबाई म्हणाल्या, खामगावात आम्ही राहायला आलो तेव्हा नळ आधीचाच होता, माझी भरायची राहून गेली, ती इथे भरते. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, सगळे रीतसर पाइपात सोडले, अख्खा खण जाईना म्हणून त्याची किनार फाडून सोडली आणि उरलेला खण गळ्यात बांधला. नारळ तेवढा बाहेर फोडला, हे आपल्या सर्वांचे नशीब. जेवून उठल्यावर कडूबाने त्यावर तोटी बसवली. नदीचे पाणी दिलेले घेऊन जाते आणि नळाचे पाणी समोरून येते, एवढाच काय तो फरक, आणि तो आमच्याकडे अजून कोणाला कळायला वेळ झालेला नाही.

गोजरबाईला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. नऊ दिवस मी खड्डा खणताना, अंगठा अडकवताना, नळ चोखताना तिने पाहिले आणि तोंड उघडले नाही. मी विचारले तेव्हा म्हणाली, "इहीनबाईनं केवढ्या मनानं भरली. म्हणे, पाण्याची ओटी भरली का बनाची सुखरूप भरते. आन् तेच अडलं, हे कोण्या तोंडानं सांगू? ओटी अडली म्हणतीन. मंग पोरीले धाडत नाहीत." बोलत नव्हती ती एवढ्यासाठी. मी समजत होतो माझ्यावर रागावली आहे. वामनराव, मी लेकीच्या आठवणीने नळाशी भांडत होतो आणि ती आठ-आठ घागरी वाहून गप्प बसली होती. मला फार वाईट वाटले. अंबूबाईनेच मग हात धुता धुता निकाल दिला: "अडलेलं सुखरूप सुटलं, याच्यापरीस चांगला शकून कोणता? आता भ्याव नाही, धाडा म्हणा पोरीले." नळ आणि ओटी, दोघेही सुखरूप आहेत. विहीणबाईंना हे पत्र वाचून दाखवताना अंबूबाईचे वाक्य आधी वाचावे आणि बाकीचे जमल्यास वाचूच नये.

रामरावांशी माझा समेट झाला. त्यांच्या कपाळावर टेंगूळ आहे, माझ्या अंगठ्याला फडके आहे. दोघे बरोबरीत आलो. लिहिण्यात काही कमीजास्त झाले असल्यास पदरात घ्यावे.

आपला नम्र,
पुंजाजी

ता. क. : मूळ सांगायचे राहिलेच. चैत्र वद्य पंचमीला सकाळच्या गाडीने नांदुऱ्याच्या स्टेशनावर दमणी घेऊन मी हजर राहतो. जावईबापूंनी बनाला तेवढे जलंबला गाडी बदलून आणून द्यावे. दमणीत दुहेरी गादी घातली आहे. बैल गरीब आहेत. रस्त्यावरचे मोठे खड्डे मी स्वतः बुजवून आलो आहे (मातीची आमच्याकडे सध्या कमी नाही).

दुसरा ता. क. : पाकीट डिंकाने चिकटवणार तोच टेकडीखालचे पाणी चढवायचे इंजिन बंद पडल्याची दवंडी आली. महिनाभर गावात कोणाच्याच नळाला पाणी नाही. रामरावांच्याही नाही. पण आमचा नळ चांगला आहे, त्यात आता काही अडलेले नाही. पाणी आले की त्यातून येईल. तुमची अट 'नळाला पाणी आलं का' अशी होती, आणि ते काल आले होते. साक्षीदार साठ-सत्तर.

तिसरा ता. क. : हा गोजरबाईचा. ती सांगेल ते अक्षर न अक्षर लिहायचे, असे नऊ दिवसांच्या घागरींवर ठरले आहे, म्हणून लिहितो. "इवाईबुवाले रामराम. नळ येवो का न येवो, पोरीले धाडा. बनाले मीनं इहिरीच्याच पाण्यावर वाढवलं, तिच्या लेकराचंही पाणी मीच आणतो, मले जड नाही. इहीनबाईले सांगजा का त्यायनं भरलेली ओटी धुऊन देवापाशी ठेवली हाय, बना आली का तिच्याच पदरात घालतो. तांदूळ हाय, हळकुंड हाय, सुपारी रामरावकडून आणली. खारीक तेवढी नाही. ते ह्यायनं खाल्ली."